अंगानं सडपातळ, तरी लिव्हरमध्ये चरबी कशी? बरखेड्यापासून अमेरिकेपर्यंतच्या मराठी घरांसाठी फॅटी लिव्हरची सविस्तर माहिती

बरखेडा (भोपाळ) : पोटाची सोनोग्राफी मुतखड्यासाठी केलेली असो की पित्ताशयासाठी, रिपोर्टच्या तळाशी हल्ली एक ओळ बऱ्याच जणांच्या वाट्याला येते. फॅटी लिव्हर, ग्रेड वन. घरात थोडी चर्चा होते, शेजारचे काका म्हणतात, "अहो, ते सगळ्यांनाच असतं," आणि रिपोर्ट कपाटात जातो.

काकांचं म्हणणं अर्धं खरं आहे. हे निदान खरोखरच खूप लोकांचं होतं आणि त्यातल्या बहुतेकांचं लिव्हर आयुष्यभर कामात कसूर करत नाही. पण काही थोड्यांचं लिव्हर आतून हळूहळू कडक होत जातं. ते थोडे लोक कोण, हे सोनोग्राफीतल्या ग्रेडवरून कळत नाही. ते कळण्याचा एक स्वस्त मार्ग आहे आणि त्याला लागणारे आकडे बहुतेकांच्या घरात जुन्या रिपोर्टांच्या फाईलमध्ये आधीच पडलेले असतात. हा लेख मुख्यतः त्यासाठी.

दुसरा समज म्हणजे हा जाड लोकांचा नाहीतर पिणाऱ्यांचा आजार. या समजामुळे मराठी घरांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. कारण आपल्याकडं हा आजार दारूला न शिवलेल्या, काट्यावर वजन 'नॉर्मल' असलेल्या माणसालाही गाठतो. गाव सोडून शहरात, शहरातून परदेशात गेलेल्या कुटुंबांमध्ये तर जास्तच.

भोपाळची मराठी घरं

भोपाळमध्ये मराठी माणूस दोन मोठ्या वाटांनी आला. १ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्य प्रदेश राज्य झालं, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि राजधानी नागपूरहून भोपाळला आली. सरकारी कचेऱ्यांबरोबर नागपूरकडचे अनेक कर्मचारीही कुटुंबकबिल्यासह इकडं आले. दुसरी वाट कारखान्याची. १९५६ मध्येच हेवी इलेक्ट्रिकल्स कंपनी स्थापन झाली, तिचा भोपाळचा कारखाना उभा राहिला आणि १९७४ मध्ये ती भेलमध्ये विलीन झाली. कारखान्याभोवती पिपलानी, गोविंदपुरा, बरखेडा अशा वसाहती वाढल्या. देशभरातून माणसं नोकरीला आली, त्यात मराठी माणसंही होती.

पहिल्या पिढीतल्या अनेकांचं बालपण गावातलं. ज्वारीची भाकरी, शेतातलं काम, पायी शाळा. नोकरी लागल्यावरही सायकलनं गेटपर्यंत जाणं आणि पाळीभर उभं राहून काम करणं चालूच होतं. पुढं स्कूटर आली, मग कार आली. दुसऱ्या पिढीचं काम टेबलावर आलं, तिसरी पिढी लॅपटॉप घेऊन पुणे, बेंगळुरू किंवा थेट अमेरिकेला गेली. सकाळी भोपाळी पोहे-जलेबी, दुपारी पोळीबरोबर भात, संध्याकाळी चहासोबत शेव किंवा समोसा हे मात्र राहिलं. खर्च कमी झाला आणि जमा वाढत गेली. बैतूल, पांढुर्णा, छिंदवाडा, बऱ्हाणपूर किंवा पलीकडं अमरावती-नागपूरच्या वाचकांनाही हे चित्र ओळखीचंच वाटेल.

लिव्हरचा जमाखर्च

लिव्हर म्हणजे यकृत. पोटाच्या उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड असलेला साधारण दीड किलोचा हा अवयव. जेवणातून आलेली साखर आणि चरबी याच्याकडं येते. हा ती वापरतो, साठवतो किंवा पुढं पाठवतो. येणारा माल वापरापेक्षा सतत जास्त असला की शिल्लक चरबीच्या रूपात लिव्हरच्या पेशींमध्येच पडून राहते. पाच टक्क्यांहून जास्त पेशींमध्ये अशी चरबी दिसली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात.

पुढचा प्रवास असा असतो. पहिल्या पायरीवर फक्त चरबी असते. दुसऱ्या पायरीवर त्या चरबीमुळं पेशींना सूज येते, काही पेशी मरतात. तिसऱ्या पायरीवर, जखम भरल्यावर कातडीवर जसा वण राहतो, तसे वण लिव्हरमध्ये तयार होतात. याला फायब्रोसिस म्हणतात. वण वाढत जाऊन सगळं लिव्हर कडक आणि गाठीगाठींचं झालं की तो सिरॉसिस. तिथून पोटात पाणी होणं, रक्ताची उलटी, लिव्हरचा कॅन्सर असे धोके सुरू होतात. हा प्रवास साधारणपणे वर्षानुवर्षं चालतो आणि सगळेच शेवटपर्यंत जात नाहीत. पहिल्या दोन पायऱ्यांवरून मागं फिरता येतं, सुरुवातीचा वणही कमी होऊ शकतो. सिरॉसिसनंतर परतीची वाट फार अवघड होते.

अडचण एवढीच की या सगळ्या प्रवासात दुखत काहीच नाही. थोडा थकवा, उजव्या बाजूला जडपणा, बस. म्हणून "मला तर काहीच त्रास नाही" हे इथं तारण म्हणून चालत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. फॅटी लिव्हर असलेल्या लोकांमध्ये मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण हृदयविकार हे आहे. लिव्हरमधली चरबी, वाढलेली शुगर, बीपी आणि कोलेस्ट्रॉल ही एकाच घरातली भावंडं आहेत. म्हणूनच जून २०२३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञ संघटनांनी या आजाराचं नाव बदललं. आधीच्या 'एनएएफएलडी' या नावात फक्त 'दारूमुळं न झालेलं' एवढंच सांगितलं होतं. आताच्या 'एमएएसएलडी' या नावात चयापचयाचा बिघाड हे मूळ कारणच आलं. रिपोर्टवर दोन्हींपैकी कुठलंही नाव दिसलं तरी आजार तोच.

सडपातळ माणसाला का होतो?

याचं उत्तर शोधण्यात पुण्याच्या एका डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन भरलं २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. एवढी लहानखुरी बाळं, पण कमतरता होती ती मुख्यतः स्नायूंची. त्या मानानं अंगावरची चरबी टिकून होती. 'बारीक पण चरबीयुक्त' असं हे आपलं शरीर जन्मापासूनच घडत येतं.

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटा दोघांना एकच आकडा दाखवत होता, आतला हिशेब वेगळा होता.

कातडीखालची चरबी हे शरीराचं सुरक्षित गोदाम आहे. आपल्याकडं हे गोदाम तुलनेनं लहान असतं. ते भरलं की जास्तीचा माल पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि लिव्हरमध्ये उतरवला जातो. म्हणून हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढं, ही ठेवण आपल्याकडं इतकी दिसते. लिव्हरच्या दृष्टीनं हीच ठेवण धोक्याची.

पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. लोक बहुतेक गरीब, कष्टाची कामं करणारे, सडपातळ. तरीही ८.७ टक्के लोकांमध्ये फॅटी लिव्हर सापडलं आणि त्यातले बरेच जण जाड नव्हते. शेतीभातीतल्या माणसांमध्ये ही स्थिती असेल, तर दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचा अंदाज करावा.

लेक अमेरिकेत असेल तर

परदेशातल्या आपल्या लोकांवर झालेले अभ्यासही हेच सांगतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये वेगवेगळ्या वंशांच्या तरुण, निरोगी, सडपातळ लोकांची तपासणी प्रसिद्ध केली. भारतीय वंशाच्या पुरुषांच्या लिव्हरमध्ये गोऱ्या पुरुषांच्या साधारण दुप्पट चरबी आढळली. २०१० पासून सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो भागात दक्षिण आशियाई लोकांवर 'मसाला' नावाचा दीर्घ अभ्यास चालू आहे. त्यातही इतर समाजांशी तुलना करता आपल्या लोकांच्या पोटाच्या आत आणि लिव्हरमध्ये चरबी जास्त दिसली.

तिकडं गेल्यावर होतं काय? चालणं संपतं, कारशिवाय पान हलत नाही. घरचं जेवण सुटत नाही, त्यात चीज, ज्यूस आणि कोल्ड्रिंकची भर पडते. थंडीचे महिने घरात जातात. शिवाय तिकडच्या सर्वसाधारण तक्त्यात बीएमआय २५ च्या आत असला की 'नॉर्मल' लिहितात. भारतीय शरीरासाठी धोक्याची रेषा २३ पासून सुरू होते. अमेरिकेच्या मधुमेह संघटनेनंही २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांची मधुमेह तपासणी २३ बीएमआयपासून करावी असं सांगितलं आहे. तेव्हा व्हिडिओ कॉलवर मुलगा म्हणाला, "बाबा, माझं सगळं नॉर्मल आहे," तर त्याला एवढंच विचारा, की हे नॉर्मल कुठल्या तक्त्याप्रमाणं?

भारतात किती जणांना?

केंद्र सरकारच्या म्हणण्याप्रमाणं देशात ९ ते ३२ टक्के लोकांमध्ये फॅटी लिव्हर असू शकतं. गाव, शहर, वय आणि मधुमेह यांप्रमाणं आकडा बदलतो. देशभरातले अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात मोठ्यांमधलं प्रमाण ३८ टक्क्यांच्या पुढं निघालं, आणि मुलांमधलंही ३५ टक्क्यांच्या आसपास. टाईप टू मधुमेह असलेल्यांत तर निम्म्याहून जास्त लोकांना फॅटी लिव्हर असतं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रानं फॅटी लिव्हरचा समावेश मधुमेह, हृदयविकार, कॅन्सरच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्या सुधारित मार्गदर्शक सूचना आल्या. मध्य प्रदेशात २०२५ मध्ये 'निरोगी काया' अभियानात बीपी आणि शुगरसोबत फॅटी लिव्हरची प्राथमिक तपासणीही घेण्यात आली. म्हणजे तपासणीची सोय सरकारी पातळीवर आहे, मागायला मात्र आपण जायला हवं.

ग्रेड आणि स्टेज : इथंच घोटाळा होतो

सोनोग्राफीत लिहिलेला ग्रेड एक, दोन, तीन हा लिव्हर किती पांढुरकं दिसतं, म्हणजे चरबी अंदाजे किती, याचा आकडा आहे. लिव्हरमध्ये वण किती, हे तो सांगत नाही. वणाचं मोजमाप वेगळं असतं, त्याला स्टेज म्हणतात आणि ती शून्य ते चार असते.

ग्रेड थ्री असलेल्या एखाद्याच्या लिव्हरमध्ये वण जवळपास नसेल आणि ग्रेड वन असलेल्या दुसऱ्याचं लिव्हर पुढच्या स्टेजला गेलेलं असेल, असं होऊ शकतं. सिरॉसिसमध्ये तर चरबी कमी झालेलीही दिसते. त्यातून, चरबी थोडी असेल तर सोनोग्राफीत ती सुटूनही जाते. म्हणून "ग्रेड वन आहे, काळजी नको" आणि "ग्रेड थ्री आहे, आता संपलं" ही दोन्ही वाक्यं घाईची.

एसजीपीटीचंही तसंच. ते वाढलेलं असेल तर लक्ष द्यावं. पण ते नॉर्मल असूनही आत वण असू शकतो.

घरच्या घरी हिशेब : फिब-फोर

वणाचा धोका किती, याचा पहिला अंदाज देणारं एक साधं सूत्र आहे. त्याला फिब-फोर म्हणतात. चार आकडे लागतात : वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट. एसजीओटी-एसजीपीटी लिव्हरच्या तपासणीत येतात, प्लेटलेट सीबीसीमध्ये.

सूत्र असं : वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचं प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ यानं. प्लेटलेट हजारांत घ्यायचे, म्हणजे १ लाख ९० हजार असतील तर १९०.

समजा, ५८ वर्षांचे एक काका आहेत. एसजीओटी ४८, एसजीपीटी ५२, प्लेटलेट १ लाख ९० हजार. ५८ गुणिले ४८ म्हणजे २७८४. ५२ चं वर्गमूळ ७.२१, त्याला १९० नं गुणलं की साधारण १३७०. भागाकार आला २.०३.

दुसरं उदाहरण त्यांच्या ३८ वर्षांच्या पुतण्याचं. एसजीओटी ३२, एसजीपीटी ४९, प्लेटलेट २ लाख ६० हजार. वरची रक्कम १२१६, खालची १८२०. उत्तर ०.६७.

आता अर्थ. १.३ पेक्षा कमी आलं तर सध्या मोठ्या वणाची शक्यता कमी. पुतण्यानं वजन-आहाराकडं बघावं आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा हिशेब करावा, मधुमेह असेल तर त्याआधीच. १.३ ते २.६७ हा मधला पट्टा. काकांनी पुढची तपासणी करून घ्यायला हवी. २.६७ च्या वर असेल तर पोटविकार किंवा लिव्हरच्या डॉक्टरांकडं जायला उशीर करू नये. वय ६५ च्या पुढं असेल तर खालची रेषा १.३ ऐवजी २ धरतात. ३५ च्या आतल्यांसाठी हे सूत्र फारसं भरवशाचं नाही. ताप, डेंग्यू किंवा कावीळ चालू असताना काढलेले आकडे वापरू नयेत, कारण तेव्हा प्लेटलेट आणि एन्झाइम दोन्ही हललेले असतात.

बघा, काकांचं एसजीपीटी ५२ म्हणजे 'जरासं वाढलेलं'. पुतण्याचं ४९, जवळपास तेवढंच. नुसत्या त्या आकड्यावरून दोघांमधला फरक कुणाच्या लक्षात आला नसता.

मधल्या पट्ट्यातल्या लोकांसाठी पुढची तपासणी म्हणजे फायब्रोस्कॅन. सोनोग्राफीसारखीच बाहेरून करतात, सुई नाही, भूल नाही. लिव्हर किती कडक आहे ते किलोपास्कलमध्ये कळतं. साधारण ८ च्या आत असेल तर मोठ्या वणाचा धोका कमी मानतात. यापुढं गरज वाटली तरच डॉक्टर बायोप्सीचं बोलतात.

इंची टेप काढा

काट्याच्या आधी टेप. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप गुंडाळायचा, श्वास सोडायचा, पोट आत ओढायचं नाही आणि आकडा वाचायचा. पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर, साधारण साडेएकतीस इंच ही मर्यादा. पँटचा नंबर धरू नये, कारण पँट बरेच जण पोटाच्या खाली बांधतात.

बीएमआयसाठी भारतीय तक्त्यात २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा. पाच फूट पाच इंच, म्हणजे १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला ६३ किलोच्या आसपास २३ ची रेषा लागते, ६८ किलोला २५ ची.

तपासणी नक्की करावी असे लोक : मधुमेह किंवा त्याच्या उंबरठ्यावर असलेले, बीपी किंवा ट्रायग्लिसराईड वाढलेले, कंबर मर्यादेबाहेर गेलेले, पीसीओएस असलेल्या मुली आणि घरात कुणाला सिरॉसिस किंवा मधुमेह असलेले. पाळी थांबल्यावर स्त्रियांचा धोका वाढतो. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या करवून स्वतःची राहून जाते, अशी आई किंवा मावशी प्रत्येक घरात असते. तिचं नाव यादीत आधी घाला.

फॅटी लिव्हर दिसलं म्हणून दुसरी कारणं सोडून देऊ नयेत. हिपॅटायटिस बी आणि सी, थायरॉईड, काही औषधं यांचीही एकदा खात्री करून घ्यावी. आणि दारू घेत असाल तर डॉक्टरांना प्रमाण खरं सांगावं. चरबी आणि दारू एकत्र आली की लिव्हरवरचा भार दुपटीनं नाही, त्याहून वेगानं वाढतो.

स्वयंपाकघराचं बजेट

या आजाराचा सगळ्यात चांगला पुरावा असलेला उपाय म्हणजे वजन कमी करणं. शरीराच्या वजनाच्या ५ टक्के वजन उतरलं की लिव्हरमधली चरबी कमी होऊ लागते, ७ टक्क्यांना सूज कमी होते आणि १० टक्क्यांच्या आसपास वणही भरून येण्याची शक्यता वाढते. ७० किलोच्या माणसासाठी हे आकडे साडेतीन, पाच आणि सात किलो. सडपातळ माणसाला ३ ते ५ टक्के घट झाली तरी फायदा दिसतो. हे सहा महिने ते वर्षभरात व्हावं. उपाशी राहून महिन्यात दहा किलो उतरवणं लिव्हरला उलट बाधतं.

साखर : दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे रोजची ४० ग्रॅम आणि महिन्याची १ किलो २०० ग्रॅम. फक्त चहातून. कोल्ड्रिंक, पाकिटातला ज्यूस, सरबत यांतली साखर लिव्हरमध्ये चरबी बनायला सगळ्यात सोयीची. फळ चावून खावं, रस काढू नये.

तेल : चार जणांच्या घरात महिन्याला ५ लिटर तेल लागत असेल तर माणशी रोजचं सुमारे ३८ ग्रॅम झालं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार तक्त्यात रोजचं तेल-तूप मिळून साधारण २७ ग्रॅम धरलं आहे. तेवढ्यात बसायचं तर महिन्याचं तेल साडेतीन लिटरवर यायला हवं, तेही तूप वेगळं न धरता. एकदम जमणार नाही. दर महिन्याला अर्धा लिटर कमी आणायचं, तीन महिन्यांत होतं.

ताट : भात आणि पोळी दोन्ही घ्यायची सवय असेल तर एका वेळी एकच. उरलेली जागा उसळ, वरण, ताक, पालेभाजी, कोशिंबीर यांनी भरावी. मांसाहारी असाल तर मासे, अंडी, चिकन चालतं, तर्री मात्र वाटीतच राहू द्यावी. ज्वारी-बाजरीची भाकरी चांगली, पण तीही मोजून.

उपवास : साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. त्यात बटाटा, तूप आणि दाणे. श्रावणात, चातुर्मासात आठवड्यातून दोनदा खिचडीचा उपवास करणाऱ्यांच्या ताटात एरवीपेक्षा जास्तच जातं. भगर, राजगिरा, ताक, काकडी, एखादं फळ असा उपवासही उपवासच आहे.

चालणं : आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. बरखेडा-पिपलानीच्या वसाहतीत झाडांखालचे रस्ते आहेत, जागेची सबब चालणार नाही. त्यासोबत आठवड्यातून दोन दिवस उठाबशा, भिंतीला टेकून जोर, डंबेल असा स्नायूंचा व्यायाम. आपल्या शरीरात स्नायूच कमी आहेत, हे वर आलंच आहे. वजन न उतरलं तरी व्यायामानं लिव्हरची चरबी कमी होते.

बिनसाखरेची किंवा कमी साखरेची कॉफी पिणाऱ्यांमध्ये लिव्हरचे वण कमी आढळतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. कॉफी आवडत असेल तर ती बंद करायचं कारण नाही.

औषधं, टॉनिकं आणि काढे

'लिव्हर साफ करणारं' टॉनिक हा बाजारातला जुना धंदा आहे. चरबी आणि वण कमी करून वजन-व्यायामाची जागा घेईल असं टॉनिक नाही. उलट काही काढ्यांनी लिव्हरला इजा होते. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी कोरोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांमध्ये लिव्हरला सूज आल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, वनस्पती दुसरीच असू शकते असं म्हटलं. वाचकांनी यातून घ्यायचं ते एवढंच, की सोललेली, वाटलेली मुळी नक्की कुठली हे आपल्याला ओळखता येत नाही, आणि लिव्हर आधीच दुखावलेलं असेल तर हा धोका पत्करू नये.

आधुनिक औषधांत भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२० मध्ये सारोग्लिटाझारला मान्यता दिली. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेसमेटिरॉम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड यांना, वण मध्यम ते पुढच्या टप्प्यात गेलेल्या पण सिरॉसिस न झालेल्या रुग्णांसाठी मान्यता मिळाली. ही औषधं कुणाला, केव्हा, हे तज्ज्ञच ठरवतात. मेडिकलवाल्याला विचारून सुरू करायची गोष्ट नाही.

एक चूक फार होते. फॅटी लिव्हर आहे म्हटल्यावर काही जण घाबरून कोलेस्ट्रॉलची गोळी स्वतःच बंद करतात. स्टॅटिन गटाच्या या गोळ्या फॅटी लिव्हरमध्ये सुरक्षित मानल्या जातात. वर सांगितल्याप्रमाणं खरा मोठा धोका हृदयाला आहे, त्यामुळं ती गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नये.

कुठं जायचं?

तीस वर्षांवरच्या कुणाचीही बीपी, शुगर आणि कंबरेच्या घेराची तपासणी जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात होते. आशाताई जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात कंबरेचा घेर विचारलेला असतो. त्यांना खरा आकडा द्या. भेलचे कर्मचारी आणि निवृत्त मंडळींसाठी कस्तुरबा रुग्णालय आहे. पुढच्या तपासणीसाठी भोपाळचं एम्स बरखेड्याहून फार लांब नाही. सीमेपलीकडच्या वाचकांनी आपापल्या जिल्हा रुग्णालयातून सुरुवात करावी आणि गरज पडल्यास मेडिकल कॉलेजच्या पोटविकार विभागाची चिठ्ठी घ्यावी.

डोळे पिवळे होणं, पोट फुगून पाणी होणं, पायाला सूज, काळी शौच किंवा रक्ताची उलटी, झोपेचं चक्र उलटं होऊन बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

डॉक्टरांकडं जाताना जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणं लावून न्यावेत आणि चार प्रश्न कागदावर लिहून न्यावेत :

१. माझा फिब-फोर किती आला?
२. मला फायब्रोस्कॅनची गरज आहे का?
३. तीन महिन्यांची सरासरी शुगर आणि ट्रायग्लिसराईड किती आहेत?
४. मी किती किलो उतरवायचे आणि किती महिन्यांत?

या चार प्रश्नांची उत्तरं रिपोर्टच्या पाठीमागं तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तुलना करायला तीच उपयोगी पडतील. आणि घरातला एखादा जण दुसऱ्या राज्यात किंवा दुसऱ्या देशात असेल, तर या रविवारच्या फोनवर त्याला वजन विचारू नका, कंबर किती ते विचारा.